कावळ्यापुढचा शब्द

भगवानरावांच्या दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना.

आठ वाजता पिंड मांडले होते, आता साडेनऊ होत आले. नदीला नदी म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. सलग दुसरं साल कोरडं, पात्रात नुसती वाळू आणि गोटे, आणि आंघोळीपुरतं पाणी धाकट्या मुलानं, बिभीषणनं, टँकरवाल्याच्या हातापाया पडून दोन ड्रममध्ये आणलेलं. केळीच्या पानावर भाताचे पिंड, शेजारी भगवानरावांच्या आवडीच्या जिनसा: तंबाखूची पुडी, दोन कांदाभजी आणि कपभर कोरा चहा. गावची दूध संस्था उभी करणारा माणूस, पण जन्मभर चहा कोराच प्यायला. दूध संस्थेला घालायचं असतं, पिऊन नासायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं त्यांनी अख्ख्या घराच्या गळी उतरवलं होतं. घरात नवी सून आली, तर हळद वाळायच्या आत तिचा अंगठा सभासदाच्या फॉर्मवर!

इतकं सगळं मांडलं तरी आभाळात काळा ठिपका नाही. पोरांनी ‘काव काव’ करून घसे बसवून घेतले. गुरुजींना साडेअकराला उमापुरात दुसऱ्या कुणाचं तेरावं होतं, ते सारखे मनगटाकडं बघत होते.

आता आपल्याकडं कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. कशात, ते घरच्यांनी ओळखायचं आणि हात जोडून शब्द द्यायचा. शब्द पटला की कावळा चोच मारतो. आणि एकदा चोच लागली की तो शब्द पाळावाच लागतो. कोर्टाच्या निकालावर अपील असतं, कावळ्याच्या निकालावर नसतं.

बाभळीखाली बायकांत बसलेल्या मालनबाईला, भगवानरावांच्या बायकोला, कावळा यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

कारण काल दुपारी थोरला शहादेव तिच्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, “माय, उद्या मी आबांला शब्द देनार हाय. येत्या एकादशीला तुला मठात नेतो आन् तुह्या गळ्यात तुळशीची माळ घालतो म्हनून.”

मालनबाई ज्वारी निवडत होती. “बघू,” म्हणाली. त्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘हो’ धरतात, हे बेचाळीस वर्षं नांदून तिला कळायला हवं होतं.

तशी माळेला तिची ना नव्हती. तुळस कुणाचं काय वाईट करते? पण शहादेवच्या मठाचा नेम कडक. माळ घातली की मटण-मच्छी बंद. ते एक वेळ सोडलं असतं, या वयात दातच कुठं उरलेत! पण ज्या घरी ते शिजतं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी माळ घातल्यापासून शहादेव सख्ख्या मामाच्या घरी जेवला नव्हता, आणि स्वतःच्या घरातही त्याची चूल आणि पाणी वेगळं होतं. म्हणजे माळ घातली की सरूबाई सुटली.

सरूबाई बौद्धवाड्यातली. दोघी चाळीस वर्षं एका गावात राहिल्या, पण ‘काय बाई, बरं हाय का’ याच्या पुढं गाडी कधी गेली नव्हती. ती गेली यंदा, चारा छावणीत. दुष्काळानं गावातली दावणी उठून संस्थेच्या मैदानावर आली, तशी भगवानराव आणि मालनबाई दोन गाई, दोन बैल घेऊन हिरव्या जाळीखाली राहायला गेले. शेजारच्या जाळीत सरूबाई आणि तिची एकुलती म्हैस. जळण मिळेना म्हणून आधी चूल एक झाली, मग भाकरी एक झाली. सरूबाईची सुकटीची चटणी, मालनबाईचं हुलग्याचं पिठलं. हौदापाशी भगवानराव कोसळले तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर धरलं ते सरूबाईनं. पुढं तीन दिवस मालनबाईच्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा घरी येऊन, समोर बसून, ‘आनखी अर्धी घे, मह्याकडं बघ आन् घे’ म्हणणारी तीच. इतक्या वर्षांच्या संसारात मालनबाईनं घरादाराला वाढलं होतं. समोर बसून तिला कुणी वाढलं नव्हतं. तेवढी ती समोरची जागा तिला सोडायची नव्हती. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

सरूबाई आत्ता बायकांच्या टोकाला, उन्हात बसली होती.

“अरे, आता काहीतरी बोला रे कुनीतरी,” चतुराबाईनं सुरुवात करून दिली. ही भगवानरावांची थोरली बहीण. पंच्याहत्तरीची, पण आवाज असा की नदीच्या दोन्ही काठांना पुरावा. “मीच म्हनते. भगवाना, ऐकतोस का? घरची रीत मी मोडू देनार न्हाई. मालननं कुंकू पुसलंय. आता पांढरंच नेसंल, लग्नकार्यात म्होरं येनार न्हाई. तुह्या बहिनीचा शब्द हाय. शिव.”

कावळा नाही.

कुंकवावरून सकाळीच घरात रामायण झालं होतं. चतुराबाई म्हणे पूस, बिभीषण म्हणे पुसायचं नाही. बिभीषण पुण्याला मास्तर. तो या विषयावर भाषणं देत असे, टाळ्या घेत असे. आईच्या कपाळापुढं हात आडवा धरून तो म्हणाला होता, “हे बाईच्या स्वातंत्र्यावर आक्रमण आहे. आई कुंकू लावणारच!” मालनबाई मधे दोनदा म्हणाली, “अरे, ऐका तरी,” पण दोघंही तिच्या कपाळाबद्दल इतक्या पोटतिडकीनं बोलत होते, की त्यांना तिच्याकडं बघायला सवड नव्हती. शेवटी चतुराबाईनंच ओल्या पदरानं पुसून टाकलं.

आता बहिणीचा शब्द रिकामा गेलेला पाहून बिभीषणला राहवेना. हाताची घडी सोडून तो पुढं झाला. “आबा, तुम्हाला हे कर्मकांड कधीच मान्य नव्हतं, मला माहीत आहे. आईनं पहिल्यासारखंच राहावं, कुंकू लावावं, हीच तुमची इच्छा आहे.”

“मास्तर,” मागून कुणीतरी बोललं, “कावळ्याला मानत न्हाईस आन् कावळ्याशी बोलतोस व्हय बे?”

दहाव्याला हसू नये, पण माणसं हसली. बिभीषणचे कान लाल झाले.

मग संस्थेचा सेक्रेटरी गहिनीनाथ उठला. टोपी काढून छातीशी धरली. “आबा, तुमी बिलकुल फिकीर करू नका. येत्या निवडनुकीत तुमचं समदं घर आपल्याच पॅनलमागं राहील.”

“घराला विचारलं का तुम्ही?” बिभीषण म्हणाला.

“आरं, मी आबांला शब्द देतोय. तुला कावून लागतंय?”

मालनबाई ऐकत होती. भगवानराव जिवंतपणी तसे मोजकंच बोलायचे. दूध किती, फॅट किती, सभासद किती. मेल्यावर त्यांच्या इतक्या इच्छा निघतील असं तिला वाटलं नव्हतं. आणि एकेक इच्छा कशी बेतून शिवलेली! चतुराबाईच्या तोंडी चतुराबाईच्या मापाची, गहिनीनाथच्या तोंडी गहिनीनाथच्या. मेलेल्या माणसाची एक मोठी सोय असते, तो ‘न्हाई’ म्हणत नाही.

मग शहादेव उठला.

नुकतंच केलेलं मुंडण उन्हात चमकत होतं. तो पानापुढं गुडघे टेकून बसला, गळ्यातली माळ मुठीत धरली. बोलताना त्याचा आवाज कापत होता, आणि ते कापणं काही सोंग नव्हतं. “आबा, मी लई तरास दिला तुमाला. पिऊन आलो, तुमच्यावर हात उगारला. माळ घातली, सुधारलो, हे तुमी बघितलं. आता शब्द देतो. एकादशीला मायच्या गळ्यात माळ घालतो. आपल्या घरात वशाट, मटन शिजनार न्हाई. तुमचं घर पवित्र करतो. आबा, या.”

आणि खरंच, कुठून कोण जाणे, एक कावळा आला.

“आला! आला!” बायका उठून उभ्या राहिल्या. कावळा एक घिरटी घालून बाभळीवर बसला, नेमका मालनबाईच्या डोक्यावर. तिनं मान वर केली नाही. श्वास घ्यायचाही तिनं बंद केला. शहादेवच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कावळ्यानं एकदा पिंडाकडं बघितलं, एकदा गर्दीकडं, पंख झाडले आणि उत्तरेला निघून गेला.

सगळ्यांनी एकदम उसासा टाकला. मालनबाईनंही टाकला, पण तिचा वेगळा होता.

गुरुजी लगबगीनं म्हणाले, “असं होतं कधी कधी. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो लावू पिंडाला. पाच मिनिटांचं काम.”

“न्हाई,” शहादेव डोळे पुसत म्हणाला. “गवताच्या कावळ्याला दिल्याला शब्द कोन धरील? खराच कावळा पायजे.”

दहा वाजले. ऊन चटके द्यायला लागलं. पानावरचा भात कडेनं वाळत चालला होता, चहावर धूळ जमली होती. मालनबाई त्या कपाकडं बघत राहिली. म्हटलं तर गप्प बसायचं होतं. गवताचा कावळा लागला असता, शब्द कच्चा राहिला असता, सगळं तिच्या पथ्यावर पडलं असतं. पण तो कप! चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर भगवानराव चुलीपाशी येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. आणि इथं दोन तास झाले होते. शेवटी नवरा होता तो तिचा.

“कावळे छावणीत हायत,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. विधवेनं पिंडापुढं बोलायचं नसतं, असं काहीसं चतुराबाईच्या ओठांवर आलं, पण मालनबाई थांबली नाही.

“हितं काय हाय त्यांला? चोच बुडवायला पानी न्हाई. हौदावर शंभरेक बसत्यात रोज. जनावरांच्या पाठीवरच्या गोचडी खात्यात, पानी पित्यात. मी दोन महिने बघतीय.”

अरे, खरंच की! नदीत पाणी असायचं म्हणून कावळे असायचे, कावळे असायचे म्हणून दहावा नदीवर. पाणी उठून छावणीत गेलं, त्यामागं कावळे गेले. माणसं तेवढी रीत धरून कोरड्या वाळूत बसली होती, आणि त्यात गावातले सगळे शहाणे होते.

छावणी अर्ध्या कोसावर. गुरुजी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसले, चतुराबाई संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी. बाकी सगळे चालत. शहादेवनं पिंडांचं पान परातीत घेतलं आणि परात दोन्ही हातांत सांभाळत तो निघाला. मालनबाई भराभर चालत त्याच्या बाजूला आली.

“मला न इचारता शब्द दिलास.”

“काल सांगितलं व्हतं की. तू ‘बघू’ म्हनलीस.”

“‘बघू’ म्हंजे बघू. तेच्यात ‘हो’ कुठून आलं?”

शहादेव परातीकडं बघत चालत राहिला. “तुह्या भल्याचंच हाय, माय.”

“मह्या भल्याचं मला कळू दे. तू खरं सांग. मठातल्या महाराजांनी सांगितलं म्हनू नको. तुला कावून पायजे मह्या गळ्यात माळ?”

वाटेत ओढ्याचा चढ आला, तो चढून झाला. मग परातीतल्या भाताला सांगावं तसं हळूच म्हणाला, “कारखान्यावर ऊसतोडीला गेलतो, तर रोज सांजच्याला तोडकऱ्यांच्या अड्ड्यात बाटली फुटायची. मी कोपीत, पाचटाच्या खोपटात, एकटा. कानात बोटं घालून पडायचो. दोन वर्सं झाली, माय, एक दिस असा गेला न्हाई का जीभ वळवळली न्हाई. घरी यावं तर घरात बी मी एकटाच. सिंधूनं पोरांसाठी कालवन केलं का मी वसरीवर जाऊन बसतो. समदे आत, मी भाईर. वाटतं, घरात आनखी एक माळ असती, तर तिच्याकडं बघून मही टिकली असती. एकट्याच्यानं निभंल का न्हाई, भ्या वाटतं.”

मालनबाईला इतका वेळ त्याचा राग आला होता. तो कुठं गेला ते तिला कळलं नाही. चाळिशी उलटलेला, मुंडण केलेला, परात धरलेला हा एवढा बाप्या, आणि त्याला अंधारात एकटं जायची भीती! लहानपणी परसाकडंला जातानाही तो तिचा पदर धरायचा.

“मग तसं म्हन की, लेकरा. घर पवित्र करतो, वशाट बंद करतो, हे कशाला?”

“तसं कसं म्हनावं? मानसं काय म्हनतील?” तो म्हणाला आणि पाय उचलून पुढं गेला.

मालनबाई मागं राहिली. मागून शहादेवची बायको सिंधू आणि सरूबाई येत होत्या. मालनबाई त्यांच्यात मिसळली आणि न राहवून म्हणाली, “आपल्या घरात कुनी कुनाला इचारायचीच रीत न्हाई बघ. सोता ठरवायचं आन् दुसऱ्याच्या अंगावर घालायचं.”

सिंधू हसली. हसताना तिच्या कपाळावरचं गोंदण आक्रसलं. “मला इचारलं व्हतं का तुमी?”

“काय गं?”

“हे.” सिंधूनं कपाळाला बोट लावलं. “लग्नाला म्हैना झाला नव्हता. गोंदनारी दारात आली आन् तुमी मला हाताला धरून बसवलं. ‘आमच्या घरात कोऱ्या कपाळाची सून चालत न्हाई.’ मी रडून रडून बेजार. तुमी म्हनलात, गप, देवाच्या घरी एवढंच संगं जातं.”

मालनबाईला ते सगळं आठवत होतं, पण रडणं तेवढं आठवत नव्हतं. तिला तर वाटायचं, आपण पोरीला दागिना दिला.

“जाऊ द्या,” सिंधू म्हणाली. “आता सवय झाली.”

सरूबाई पुढं बघत चालत होती. ती म्हणाली, “आमच्यात काय वेगळं व्हतं का? छपन्न सालानंतर मह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली. घरातले समदे देव एका टोपल्यात घातले आन् ह्याच नदीला सोडून आला. सासू भाकरी थापीत व्हती, तिला पत्ताच न्हाई. पुढं लई मनापासून वंदना म्हनायची बरं का. शेवटपतुर म्हनली. पर एकदा मला म्हनली, सरू, त्या दिशी मला इचारलं असतं तरी मी ‘हो’च म्हनले असते की.”

छावणीचा वास आला, शेणाचा आणि उसाच्या वाढ्यांचा, आणि कावळ्यांचा कालवा ऐकू यायला लागला.

हौदाच्या कठड्यावर कावळे, जाळीच्या बांबूंवर कावळे, बैलांच्या पाठीवर कावळे. दोन तास ज्यांच्या नावानं घसे कोरडे केले, ते सगळे इथं आरामात. शहादेव परात घेऊन हौदापाशी गेला. आधी पान मांडायचं, मग पाणी सोडायचं, मग शब्द पुन्हा म्हणायचा, असं त्याचं मनात ठरलेलं. पण पान जमिनीला टेकतंय न टेकतंय तोच सात-आठ कावळे एकदम झेपावले. गुरुजींना मंत्र म्हणायला, शहादेवला हात जोडायला, कुणाला काही म्हणजे काही बोलायला त्यांनी वेळ दिला नाही. एकानं भजं पळवलं, दोघं पिंडावर, आणि एक कपाच्या काठावर बसून कोऱ्या चहात चोच बुडवून गेला.

तो चहा प्यायलेला बघून मालनबाईच्या डोळ्यांना धार लागली. दहा दिवसांत ती इतकी रडली नव्हती.

“शिवला!” शहादेवनं जमिनीला कपाळ टेकलं. “आबांनी शब्द घेतला!”

“कोनचा शब्द?” टेम्पोतून उतरत चतुराबाई म्हणाली. “पहिला शब्द महा व्हता. रीतीचा.”

“अहो, छावणी संस्थेची, मैदान संस्थेचं,” गहिनीनाथ म्हणाला. “हितं आल्यावरच शिवला, ह्येचा अर्थ काय?”

“याचा अर्थ कावळे तहानलेले होते,” बिभीषण म्हणाला. मग जरा थांबून, “पण अर्थच काढायचा असेल, तर आईच्या बोलण्यानं आला. म्हणजे बाईनं पुढं यावं. म्हणजे कुंकू.”

झालं! चौघांनी एक कावळा चार बाजूंनी धरला. गुरुजी दक्षिणा घेऊन केव्हाच पसार झाले होते. माणसं एकेक करून गावाकडं जेवायला निघाली, पण या चौघांचं संपेना. मालनबाई हौदावर तोंड धुऊन आली आणि त्यांच्या मधोमध उभी राहिली.

“बिभीषणा, हिकडं बघ. मह्या कपाळाकडं न्हाई, मह्याकडं. बेचाळीस वर्सं त्या कुंकवानं मला खाज येती. चट्टे पडत्यात. तुह्या बापाच्या जिवासाठी लावलं. आता मला लावायचं न्हाई.”

बिभीषण गडबडला. “पण आई, मग आत्याचं खरं झाल्यासारखं होईल. लोक म्हणतील, मास्तर बाहेर बोलतो आणि घरात…”

“म्हनू दे. आन् चतुराताई, मी पांढरं नेसनार न्हाई. हे हिरवं जुनेर हाय, हे फाटंपतुर नेसनार. लग्नाला बोलावलं तर येनार, न्हाई बोलावलं तर गाई राखनार.”

चतुराबाई टेम्पोकडं वळताना म्हणाली, “भगवान गेला आन् हिला वाचा फुटली!” बिभीषण तिच्या मागोमाग गेला, ती ऐकत नव्हती तरी तिला काहीतरी समजावत. गहिनीनाथनं टोपी घातली आणि तो मतदारांच्या दुसऱ्या घोळक्याकडं सरकला.

मालनबाई घरी गेली नाही. गाईंना पाणी दाखवायचं होतं. ते झालं आणि ती नेहमीसारखी सरूबाईच्या जाळीत जाऊन बसली. सरूबाईनं ताट पुढं केलं: भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. मालनबाईनं पहिला घास मोडला, तेवढ्यात ताटावर सावली पडली.

शहादेव. सिंधूही चार पावलं मागं, त्याच्या वेगळ्या चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून.

“माय, ऊठ. घरी पंगत बसलीय.” त्याची नजर ताटातल्या चटणीवर गेली आणि तिथंच थांबली. “आन् आजच्या दिशी तू हे… शब्द लागलाय तुला. कावळा शिवलाय.”

सरूबाई हात आखडून बसली. तिनं ताट मागं ओढलं नाही की पुढं सरकवलं नाही.

मालनबाईच्या हातातला घास हातातच होता. आत्ता उठलं तर संपलं, आणि न उठलं तर पोरगं तुटलं, हे दोन्ही तिला लख्ख दिसत होतं. पण आवाज तिनं खालीच ठेवला.

“शहादेवा, शब्द तू बापाला दिलास, कावळ्याला दिलास. गळा महा हाय. मला तू अजून इचारलं न्हाईस.”

“आता काय इचारायचं?”

“इचार. एकदा तोंडानं इचार.”

तो उभाच राहिला. माळेच्या मण्यावर त्याचा अंगठा फिरत होता. चाळीस वर्षांत त्या घरातल्या पुरुषानं बाईला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा, म्हणून जमायला वेळ लागला असेल. मागं सिंधूनं भाकरीचं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“माय,” तो शेवटी म्हणाला, “माळ घालशील का?”

“न्हाई, बाळा.”

हौदावर कावळे भांडत होते. एक बैल फुरफुरला. बाकी काही झालं नाही.

“मही माळ तुला पुरायची न्हाई,” मालनबाई म्हणाली. “पर सांजच्याला जीभ वळवळली, भ्या वाटलं, तर ऊठ आन् मह्याकडं ये. मी घरी असो, हितं असो. रातच्याला बी ये. मी तुह्याजवळ बसंन. हे काय कावळ्याला सांगत न्हाई, तुला सांगतीय.”

शहादेवचा चेहरा एकदा रागानं आवळला, मग सुटला. तो वळला. सिंधूला वाटलं गेला, मालनबाईलाही वाटलं गेला. चार पावलं जाऊन तो जाळीच्या कडेला, उन्हाच्या बाहेर पण चुलीपासून लांब, मांडी घालून बसला. सिंधूच्या हातातून त्यानं आपल्या भाकरीचं फडकं घेतलं आणि गाठ सोडली.

“शहादेव,” सरूबाईनं विचारलं, “पानी देऊ का, का चालत न्हाई?”

तो घुटमळला. “न्हाई चालत, मावशी.”

“बरं,” म्हणून सरूबाईनं तांब्या खाली ठेवला, आणि मालनबाईच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. सिंधू सासूजवळ टेकली आणि बाकी तिघं जेवू लागली. शहादेवची भाकरी आधी संपली, पण आईचं जेवण होईस्तोवर तो तिथून उठला नाही.